बोर्डावरची राजकन्या

कंपनीत मला चेहऱ्यानं ओळखणारे लोक थोडे होते, आवाजानं मात्र सगळे ओळखत. मी टेलिफोन बोर्डावर होते. गेटशेजारच्या अरुंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, बाहेरून फोन आला की आतल्या खात्याला जोडून द्यायचा, आणि माणूस जागेवर नसला तर समोरच्या माईकवरून पुकारायचं. माझा आवाज स्पीकरवरून सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या खात्यांत, जायचा. त्या वेळी कामगारांच्या घरी फोन कुठले? गावाकडून निरोप यायचा तो माझ्याकडे. कुणाला मुलगा झाला, कुणाचे वडील अत्यवस्थ आहेत, कुणाची मंडळी गेटवर येऊन थांबली आहेत, हे सगळं माझ्या तोंडून त्यांना कळायचं. मशीनवरचा माणूस माझा आवाज आला की हात थांबवून ऐकायचा, असं माझे यजमान सांगत. ते त्याच कंपनीत टूलरूमला होते. आम्ही चिंचवडच्या कॉलनीत राहत होतो, आणि मुलगी बालवाडीत जात होती.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. कंपनीच्या कामगार कल्याण मंडळानं दोन-तीन वर्षं फार्स केले होते. ते पाहून लोक हसायचे आणि विसरून जायचे. मग मंडळानं एक जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. त्याला कारण आमचे मास्तर. मास्तर तरुणपणी एका गाणाऱ्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले होते. आता ते चिंचवडला नदीकडच्या आळीत पेटी शिकवत. ते सगळं नाटक त्यांना चालींसकट पाठ होतं. गोष्ट सोपी होती. शत्रूनं एका राजकन्येला तिच्याच महालात कोंडून ठेवलेलं असतं, तिला सोडवायला राजपुत्र वेष पालटून शहरात आलेला असतो, आणि ती नेमकी कुठल्या दालनात आहे ते त्याला कळावं म्हणून तिसऱ्या अंकात ती खिडकीशी उभी राहून गाते. त्या गाण्याला आम्ही सगळे ‘मोठं गाणं’ म्हणायचो.

राजकन्या मिळेना. साहेब लोकांच्या घरातल्या बायका कामगारांबरोबर स्टेजवर यायला तयार नव्हत्या, आणि कामगारांच्या घरातल्या बायकांना घरातून परवानगी नव्हती. माझं माहेर सांगवीचं. लग्नाआधी मी औंधला एका बाईंकडे चार-पाच वर्षं गाणं शिकले होते. यजमानांनीच मास्तरांना सांगितलं, "आमच्या घरात गातं एक माणूस. विचारून बघा."

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची, म्हणून पहिला प्रयोग गुरुवारी दुपारी, कॅन्टीनमध्ये ठेवला. जेवणाची टेबलं भिंतीला लावली, पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्यांचं स्टेज केलं, खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवला. पुढं साहेब लोकांच्या खुर्च्या, मध्ये सतरंज्या, आणि मागं चहाच्या काउंटरपर्यंत उभे राहिलेले कामगार. मला फार भीती वाटत होती. रेडिओवरची सिनेमाची गाणी ऐकणारी ही तरुण मुलं. त्यांच्यासमोर मी शालू नेसून आलाप घ्यायचा!

पहिल्या पदाला मागं खोकण्याचे आवाज सुरू झाले. कुणीतरी जांभई दिली, तीही मोठ्यानं. पद संपवून मी गद्य बोलायला लागले आणि मागून एकदम आवाज आला, "अरे, ही तर बोर्डावरची ताई!"

हशा पिकला.  पण हसू ओसरलं आणि सगळं कॅन्टीन गप्प झालं, आणि पुढच्या पदाला मागून जो ‘वन्स मोअर’ आला त्यानं पत्र्याचं छप्पर दणाणलं. मोठ्या गाण्याला तर दोनदा आला. पुढचे दोन प्रयोग असेच झाले. मी बोर्डावर बसले की आतल्या फोनवरून आवाज यायचे, "काय राजकन्या, सुटका झाली का?" मी वरवर रागवायची. मनातून मात्र मी कुठल्या कुठं गेले होते. आपल्या गळ्यात काहीतरी आहे, ते उशिरा का होईना लोकांना सापडलं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग कंपनीचा वर्धापनदिन आला. वेल्फेअरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मास्तर आधीच तिथं उभे होते, आणि माझ्याकडे न बघता टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

साहेब म्हणाले, "यंदा मुंबईहून पाहुणे येणार आहेत. त्यांना हे नाटक दाखवायचं आहे. तर राजकन्येसाठी आपण पुण्याहून एका बाईंना बोलावलं आहे. रंगभूमीवर नाव आहे त्यांचं. एका प्रयोगापुरतं. तुम्ही समजून घ्याल."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "सखीचं काम करणारी मुलगी लग्न होऊन गेली. ते काम तू करशील का? गाणं नाही त्यात. पण तुला सगळ्या जागा ठाऊक आहेत, बाईंना आधार होईल."

नाही म्हटलं असतं तर मी रुसले असं झालं असतं. मी हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा यजमानांनी हातातला घास ताटात ठेवला.  मग म्हणाले, "ठीक आहे. बघू." त्या ‘बघू’कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी बोर्डावर बसले होते. टूलरूममधून मशीनशॉपला लाईन मागितली गेली. मी जोडली आणि लाईनवरून बाजूला व्हायच्या आत एक वाक्य कानावर पडलं, "पहिल्या गाण्याला काही नको. मोठं गाणं सुरू होऊ दे." आवाज यजमानांचा होता.

ऑपरेटरनं दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नसतं. मी ऐकलं. पलीकडे त्यांचा मित्र होता. तो म्हणाला, "भाऊ, पोरं तयार आहेत. सगळ्यांनी हातात ग्लास घ्यायचा. एकदा वाजायला लागले की साहेब काय करणार? ताईला घेतल्याशिवाय नाटक पुढं सरकू द्यायचं नाही."

लाईन बंद झाली तरी मी पिन हातात धरून बसले होते. बाहेरचे दोन फोन वाजत राहिले.

संध्याकाळी घरी मी सरळ विचारलं. ते आधी गडबडले, मग चिडले. "तू आमचे फोन ऐकतेस?"

"अहो, पाहुण्यांसमोर असं काही केलंत तर कामावरून काढतील. चार्जशीट देतील."

"किती जणांना देतील? मागं सगळेच उभे असणार."

"आणि त्या बाई? त्यांचा काय दोष?"

"दोष कुणाचाच नाही. पण तू आमची आहेस. तुला बाजूला सारून हातात पंखा देऊन उभी करतात आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या? पोरांना राग आला आहे. मी नाही सांगितलेलं त्यांना."

ते खरं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही. एवढं मात्र कळलं की त्यांना थांबवायचं नव्हतं. साहेबांना सांगावं तर यजमानांचीच नोकरी जायची. मास्तरांना सांगावं तर ते घाबरून साहेबांकडे धावले असते. मी कुणालाच काही सांगितलं नाही. मुलीला जेवू घातलं, दुसऱ्या दिवसासाठी शालूची घडी काढून ठेवली, मग लक्षात आलं की उद्या शालू त्या बाई नेसणार आहेत, तोही स्वतःचा. मी तो परत ट्रंकेत ठेवला आणि साधं हिरवं लुगडं काढलं.

बाई पुण्याहून टॅक्सीनं आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. गुडघे धरून पायरी चढल्या, कॅन्टीनच्या स्टोअररूममध्ये साखरेच्या पोत्यांशेजारी मांडलेल्या आरशासमोर बसल्या आणि तोंडात लवंग धरून स्वतःच रंग लावायला लागल्या. मला म्हणाल्या, "तूच करतेस ना एरवी? मोठ्या गाण्याला तुम्ही खिडकी कुठल्या बाजूला ठेवता?"

"डाव्या."

"बरं. मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. पेटी डाव्याच बाजूला आहे ना, मग जमेल."

माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "बाई, आज मागं जरा गडबड होईल, असं वाटतं."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "कशी गडबड?"

"ओरडतील."

"कुठं ओरडत नाहीत?" असं म्हणून त्यांनी भुवई कोरायला घेतली.

पहिला अंक सुरू झाला. मी पंखा घेऊन त्यांच्या मागं उभी. त्यांनी पहिलं पद उचललं आणि मी सखी आहे हे विसरून गायिकेच्या कानानं ऐकायला लागले. आवाज जुना झाला होता. वरच्या पट्टीत तो थोडा जाड व्हायचा, आणि श्वास संपत आला की त्या शब्द हळूच तोडायच्या. पण कुठला शब्द कुणाला उद्देशून आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. मी तेच पद तीन प्रयोगांत गायले होते आणि ‘आई’ हा शब्द त्यात आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढच्या खुर्च्यांतून ‘वन्स मोअर’ आला. मागून काही नाही. मागं हाताची घडी घालून सगळे उभे होते. एरवी नाटकाला जे लोक आपापसात बोलतात, चहा पितात, विड्या ओढायला बाहेर जातात, ते त्या दिवशी जागचे हलत नव्हते. ती शांतता मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटली.

मध्यंतरात मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. यजमान चहाच्या काउंटरला टेकून उभे होते. काउंटरवर धुतलेल्या स्टीलच्या ग्लासांची रास होती, आणि पोरं एकेक करून येऊन ग्लास घेऊन जात होती. चहा कुणीच घेत नव्हतं. मी हातानं ‘नको, नको’ अशी खूण केली. त्यांना दिसली की नाही कुणास ठाऊक. ते दुसरीकडे बघायला लागले.

तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला. रंगवलेल्या खिडकीशी बाई जाऊन उभ्या राहिल्या, मी दोन हात मागं. पेटीनं सूर दिला. बाईंनी आलाप घेतला, आणि पहिली ओळ निम्मी होते न होते तोच मागं एक ग्लास टेबलावर आपटला. मग दुसरा. मग शंभर ठिकाणी एकाच वेळी ठणठणाट सुरू झाला. त्याच्या वरताण आवाज, "ताई पाहिजे! आमची ताई पाहिजे!"

बाई थांबल्या नाहीत. ओळ पुरी केली. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. पेटीवाल्याचे हात थांबले. खुर्च्यांवरचे पाहुणे मागं वळून बघायला लागले. वेल्फेअरचे साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी गेटवरच्या पहारेकऱ्यांना हात केला. दोघं-तिघं पहारेकरी भिंतीकडेनं मागं निघाले. आता धरपकड होणार, नावं लिहून घेणार, हे मला दिसायला लागलं.

बाई थांबल्या. मान वळवून हळू आवाजात मला म्हणाल्या, "पंखा सोडू नकोस. थकतील."

आवाज जरा उतरला. त्यांनी पुन्हा सूर लावला. पुन्हा ठणठणाट. या वेळी पहिल्यापेक्षा जास्त.  ज्यांच्या घरचे निरोप मी सांगत आले, ते सगळे माझं नाव घेत होते आणि माझ्या पुढ्यातल्या बाईला गाऊ देत नव्हते. इतक्या जणांनी माझ्यासाठी ओरडावं असं मी कधी स्वप्नात पाहिलं असतं तर त्यात मला आनंद झाला असता. इथं मला कान झाकून घ्यावेसे वाटले.

मी काय करते आहे हे ठरवलं नव्हतं. मी पुढं झाले, सखी जशी वाकते तशी वाकले, आणि ज्या आवाजात बोर्डावरून पुकारते त्या आवाजात म्हटलं, "बाईसाहेब, बाहेर फार गलबला आहे. खिडकी लावून घेऊ का?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. मास्तर विंगेत तोंडावर हात धरून उभे राहिले. पुढं कुणीतरी फस्सकन हसलं. मग सतरंज्यांवरच्या बायका हसल्या, मग मधले लोक, आणि ते हसू मागं पोचलं तसे ग्लास थांबायला लागले. सगळे एकदम नाही थांबले. पण माझा आवाज त्यांना ओळखीचा होता. त्या आवाजावर हात थांबवायची त्यांना सवय होती.

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "नको गं. राहू दे उघडी. त्यांनाही ऐकू दे."

आणि पेटीची वाट न बघता त्या गायला लागल्या. पहारेकरी जिथं होते तिथं थबकले. मी खाली मान घालून पंखा हलवत राहिले. गाणं संपलं तेव्हा पुढून आणि मधून टाळ्यांचा पाऊस पडला, ‘वन्स मोअर’ आला, बाईंनी दिलाही. मागून एक टाळी वाजली नाही. मान वर करून पाहिलं तेव्हा चहाच्या काउंटरजवळची जागा रिकामी होती.

रंग पुसताना बाईंनी विचारलं, "कोण होते ते?"

"माझेच लोक होते," मी म्हटलं. "नवरा पण होता त्यांच्यात."

त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. खोबरेल तेलाचा बोळा गालावरून फिरवत म्हणाल्या, "मग त्यांच्यासमोर गाऊ नकोस. त्यांना तू गायलीस काय आणि नुसती बोललीस काय, सारखंच आहे. तुझं गाणं कसं आहे ते तुला इथं कधी कळायचं नाही." मग टॅक्सी आली का बघायला मला पाठवलं. मी त्यांना परत कधी भेटले नाही.

घरी यजमान मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. मी आत आले तरी वर पाहिलं नाही. तसेच म्हणाले, "सगळ्या कॅन्टीनसमोर तू मला खिडकीबाहेर काढलंस."

"तुमची नोकरी वाचवली," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं वाचवायला?"

त्यानंतर कित्येक दिवस आमच्यात मीठ, चावी आणि मुलीचं दप्तर यांपलीकडे बोलणं झालं नाही. साहेबांनी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. मागं कोण कोण होतं ते विचारलं. मी सांगितलं, डोळ्यांवर दिवे होते, मला काही दिसलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. नावं कुणाचीच गेली नाहीत. तरी शॉपमधून लाईन मागणारे आवाज बदलले. आधी ‘ताई, जरा स्टोअर्स द्या’ म्हणायचे, ते आता ‘ऑपरेटर, स्टोअर्स’ म्हणायला लागले. दिवसभर ते ‘ऑपरेटर’ ऐकायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन भिंतीशी बोलायचं. नाटकाचं नावसुद्धा काढू नये असं मला झालं होतं.

पण प्रयोग लागला. दीड-दोन महिन्यांनी, पुन्हा गुरुवारी, पुन्हा कॅन्टीनमध्ये, आणि राजकन्या पुन्हा मी. लोक येतील का, आले तर काय करतील, काही कळत नव्हतं. मला वाटत होतं, या वेळी ग्लास माझ्यासाठी वाजणार. 

पडदा उघडला. कॅन्टीन भरलेलं होतं. मी पहिलं पद सुरू केलं, आणि घाबरल्यामुळं दुसऱ्या ओळीच्या तानेत सूर साफ सुटला. असा सुटला की पेटीवाल्यानं मान झटकली. ओळ सावरायला जाऊन मी शब्दही गाळला. कसंबसं संपवलं. आणि मागून ‘वन्स मोअर’ आला. पूर्वीइतकाच मोठा, कदाचित जास्तच. टाळ्या, शिट्ट्या, "ताई, पुन्हा!"

त्यांनी मला माफ केलं होतं. ते मला कळलं आणि माझे डोळे भरले. पण चुकलेल्या गाण्यालाही तेवढाच ‘वन्स मोअर’! मग आधीचे सगळे ‘वन्स मोअर’ कशासाठी होते? मी ते पद पुन्हा गायले. या वेळी नीट झालं. टाळ्यांत काही फरक पडला नाही.

नाटक संपल्यावर मी मास्तरांना म्हटलं, "मला जिथं कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी एक प्रयोग लावा."

मास्तर म्हणाले, "उठून जातील लोक."

"जाऊ देत."

चाकणला उत्सव होता. तिथल्या मंडळींना दुपारचा काहीतरी कार्यक्रम हवा होता, कारण संध्याकाळच्या विजेचा भरवसा नसायचा. आम्ही कंपनीच्या ट्रकमध्ये पडदे आणि फळ्या घालून निघायच्या तयारीत होतो. आदल्या दिवशी यजमान भाजी निवडत बसलेल्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी येऊ का?"

"या. पण पोरांना आणायचं नाही. आणि तुम्ही टाळी वाजवायची नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

ते गेले. हो म्हणाले की नाही ते कळलं नाही, पण सकाळी ट्रकच्या मागं पडद्यांच्या गुंडाळ्यांवर बसलेले दिसले.

मांडव बाजारतळाला लागून घातला होता. शेजारी कांद्याच्या पोत्यांची शेड, मागं बैलगाड्या सोडलेल्या. माणसं बरीच जमली होती, पण ती नाटकासाठी जमली होती असं म्हणता येत नव्हतं. कुणी खरेदी करून टेकलेलं, कुणी एस.टी.ची वाट बघत असलेलं, पोरं स्टेजच्या फळ्यांखालून पळत होती. पहिल्या पदाच्या मध्यावर माईक गेला. वीज गेली होती. मी गात राहिले, पण उघड्या मांडवात माझा आवाज कापरासारखा उडून जात होता. लोक आपापसात बोलायला लागले. मागं एस.टी.चा हॉर्न वाजला तशी एक मोठी रांग उठून चालती झाली. पद संपलं. एकही टाळी नाही. मी उभी, पेटीवाला माझ्याकडे बघतो आहे, आणि समोरची माणसं कांद्याच्या भावाबद्दल बोलत आहेत.

इतकं उघडं मला कधी वाटलं नव्हतं. पळून जावंसं वाटलं. विंगेत मास्तर नुसते हातानं सांगत होते, पुढं, पुढं.

दुसऱ्या अंकात राजकन्या सखीला आपल्या आईची आठवण सांगते. ते पद बसून गायचं. मी फळ्यांच्या अगदी कडेला येऊन बसले, लोकांपासून हाताच्या अंतरावर, आणि मागच्यांचा नाद सोडून समोरच्या दोन-चार रांगांना सांगावं तशी गायला लागले. मध्येच समोरचा एक म्हातारा मागं वळून खेकसला, "ए, गप बसा की रं! बाई काय सांगतीया ते ऐकू द्या."

बोलणं थांबलं. एकेक रांग गप्प होत गेली. पोरंसुद्धा खालून निघून समोर येऊन बसली. पद संपल्यावर टाळ्या आल्या. फार नाही आल्या, ‘वन्स मोअर’ तर नाहीच. पण कुणीतरी "हां!" असं म्हणालं.

मोठ्या गाण्यापर्यंत माझा गळा थकला होता. खिडकीशी उभी राहून मी गायले, पण वरचे सूर माझे मलाच नीट ऐकू येत नव्हते. मागची काही माणसं त्या गाण्यातच उठून गेली. नाटक संपलं, राजकन्या सुटली, लोक पांगले.

मी रंग पुसत होते तेव्हा एक बाई पोर कडेवर घेऊन पडद्यामागं आल्या. सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्ये मधलं गानं लई ग्वाड झालं बगा. शेवटचं काय आमच्यापत्तुर आलं न्हाई. आमी पार मागं, शेडपाशी हुतो."

मी विचारलं, "मग उठून नाही गेलात?"

"कशापायी? पोरगी सुटती का न्हाई ते बगायचं हुतं की!"

एवढं सांगून त्या गेल्या. मी हातात बोळा घेऊन तशीच बसले. मला वाईट वाटत नव्हतं. कित्येक दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं.

परतताना ट्रकमध्ये मी आणि यजमान पडद्यांवर शेजारी शेजारी बसलो होतो. मोशी आली. मग मीच ती बाई काय म्हणाली ते सांगितलं.

ते म्हणाले, "तिचं खरं आहे. मी तिच्या पुढं होतो, तरी मला शेवटचं ऐकू आलं नाही."

लग्न झाल्यापासून माझ्या गाण्याला त्यांनी नावं ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. मी त्यांच्याकडे वळले. "कुठपासून नाही आलं? अंतऱ्यापासून?"

"अंतरा म्हणजे कुठला ते मला काय माहीत? तू हात वर करतेस ना, तिथपासून."

"तिथं श्वास पुरत नाही मला."

"मग हात कशाला वर करतेस?"

मी म्हटलं, मास्तरांनी बसवलं आहे तसं. ते म्हणाले, मास्तरांना सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. यावर आमचं जे सुरू झालं ते भोसरी ओलांडली तरी चालू होतं.